टक्सिडो नंबर २: अ‍ॅबसिंथची किंचित चव असलेली जिन मार्टिनी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

टक्सिडो नंबर २ म्हणजे नक्की काय?

पाया मार्टिनीचाच आहे, म्हणजे जिन आणि ड्राय व्हर्मूथ (वनस्पतींनी सुवासिक केलेली वाइन). त्यात मराशिनो या चेरीच्या लिकरचा एक चमचा, ऑरेंज बिटर्सचे (संत्र्याच्या सालीच्या कडू अर्काचे) दोन शिंतोडे आणि जेमतेम एक मिली अ‍ॅबसिंथ, म्हणजे बडीशेपेच्या वासाची कडक दारू, पडते. सगळं बर्फावर ढवळायचं आणि गाळून थंडगार ग्लासात, बर्फाशिवाय द्यायचं.

नाव न्यूयॉर्क राज्यातल्या टक्सिडो पार्कचं. तिथला टक्सिडो क्लब १८८६ साली सुरू झाला. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचे बारटेंडर हॅरी क्रॅडक यांच्या १९३० सालच्या कृतिसंग्रहात दोन टक्सिडो आहेत. पहिल्यात जिन, व्हर्मूथ, अ‍ॅबसिंथ आणि लिंबाची साल एवढंच आहे. दुसऱ्यात मराशिनो आणि ऑरेंज बिटर्सही आहेत. त्याच्या तीस वर्षं आधी, १९०० साली, हॅरी जॉन्सन यांनी ‘टर्फ’ नावाने जवळजवळ हेच कॉकटेल प्लिमथ जिन वापरून छापलं होतं.

मार्टिनी आवडते पण रोज तेच नको, अशा माणसाने पुढचं पाऊल इथेच टाकावं असं आमचं ठाम मत आहे.

एका ग्लासाचं नेमकं प्रमाण काय?

- जिन: ५० मिली
- ड्राय व्हर्मूथ: २५ मिली
- मराशिनो लिकर: ५ मिली (एक सपाट बार-स्पून)
- अ‍ॅबसिंथ: १ मिली
- ऑरेंज बिटर्स: २ शिंतोडे
- वरून पिवळ्या लिंबाच्या सालीचं तेल. हवी असल्यास एक चेरी

१९३० च्या कृतीत जिन आणि व्हर्मूथ निम्मे-निम्मे आहेत. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या अधिकृत कृतीतही ३० मिली ओल्ड टॉम या किंचित गोड जिनला ३० मिली व्हर्मूथ असंच प्रमाण आहे. ते चुकीचं नाही. पेय हलकं होतं आणि व्हर्मूथ ताजी असेल तर सुरेख लागतं. पण आपल्याकडे दुकानातली व्हर्मूथची बाटली किती महिने उन्हाळ्यात उभी होती, याचा भरवसा नसतो. म्हणून दोनास एक हे प्रमाण जास्त सुरक्षित. व्हर्मूथ ताजी असल्याची खात्री असेल तर ४० आणि ४० करून जरूर बघा.

अ‍ॅबसिंथ एवढी कमी का? आणि १ मिली मोजायची कशी?

अ‍ॅबसिंथमध्ये ४५ ते ७४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं, आणि बडीशेपेचा वास देणारं अ‍ॅनेथॉल त्यात भरपूर असतं. हे द्रव्य जिभेला फार कमी मात्रेतही कळतं आणि बराच वेळ रेंगाळतं. इथे अ‍ॅबसिंथचं काम हिंगाचं आहे: योग्य पडली तर बाकीच्या चवी उठून दिसतात, जास्त पडली तर दुसरं काहीच कळत नाही. १ मिलीला जिनमधला ज्युनिपर (जिनला तिचा मुख्य वास देणारं फळ) आणि लिंबाचं तेल पुढे येतात, बडीशेप मागून जाणवते. २ मिलीला ती बरोबरीने उभी राहते. ४-५ मिली घातली की ते टक्सिडो राहत नाही. तेवढी अ‍ॅबसिंथ आवडत असेल तर न्यू ऑर्लिन्सचं ऑबिच्युअरी कॉकटेल वेगळंच आहे: ६० मिली जिन, ७.५ मिली ड्राय व्हर्मूथ, ७.५ मिली अ‍ॅबसिंथ, आणि मराशिनो नाही.

मोजण्यासाठी औषधाच्या दुकानातली सुई नसलेली २ मिलीची सिरिंज सगळ्यात उत्तम. तीवर ०.१ मिलीच्या खुणा असतात. थेंब मोजू नका. पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली हा हिशेब इथे चालत नाही, कारण अल्कोहोलचा पृष्ठताण कमी असल्याने थेंब बारीक पडतात आणि १ मिलीला बरेच जास्त लागतात. बाटलीतून थेट ‘थोडीशी’ ओतणं हा पेय बिघडवण्याचा हमखास मार्ग. बाटलीच्या तोंडातून एका झटक्यात ३-४ मिली सहज येते.

अ‍ॅबसिंथ ग्लासात फिरवून ओतून द्यायची की पेयात मिसळायची?

दोन्ही रूढ आहेत, परिणाम मात्र वेगवेगळा. ग्लासात ३-४ मिली घेऊन, आतून सगळीकडे फिरवून उरलेली काढून टाकली, तर पातळ थर काचेवर राहतो. वास आधी नाकाला मिळतो, पण किती राहिली ते तुमच्या हातात नसतं, आणि महागडी अ‍ॅबसिंथ वाया जाते. मिसळली तर पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत चव सारखी राहते. टक्सिडोसाठी आम्ही मिसळायलाच सांगू.

फिरवायचीच असेल तर दमट हवेत एक काळजी घ्या. मुंबईत किंवा कोकणात फ्रीझरमधून काढलेल्या ग्लासाला आतूनबाहेरून लगेच दव धरतं. त्या ओलाव्यात अ‍ॅबसिंथचे दुधाळ ओघळ दिसतात आणि थर एकसारखा बसत नाही. ग्लास बाहेर काढल्या काढल्या फिरवा किंवा छोट्या स्प्रेच्या बाटलीतून दोन फवारे मारा.

कृती क्रमाने सांगा.

१. १४०-१५० मिलीचा कूप किंवा निक अँड नोरा (दांडा असलेला लहान, गोलसर) ग्लास किमान २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. मोठा त्रिकोणी मार्टिनी ग्लास नको. पेय तळाशी पसरतं आणि लवकर कोमट होतं.

२. मिक्सिंग ग्लासात आधी बिटर्स, अ‍ॅबसिंथ आणि मराशिनो, मग व्हर्मूथ, शेवटी जिन. थोड्या मापाच्या वस्तू आधी घेतल्या की चूक झाली तरी जिन वाया जात नाही.

३. बर्फ वरपर्यंत भरा. बर्फाची पातळी द्रवाच्या वर हवी. दोन-चार खडे टाकून भागत नाही: बर्फ कमी असला की तो झपाट्याने वितळतो, पेय पुरेसं थंड होण्याआधीच पाणचट होतं.

४. लांब चमच्याची पाठ काचेला टेकवून, बर्फ न आपटता, ३० सेकंद ढवळा. घरचा बर्फ लहान आणि ओलसर असेल तर २० सेकंद पुरे.

५. ग्लास काढा, गाळून ओता.

६. सालीचा तुकडा पेयाच्या वर धरून, रंगीत बाजू खाली ठेवून चिमटा. तेलाचे बारीक थेंब पृष्ठभागावर दिसले पाहिजेत. साल कडेवरून फिरवा आणि टाकून द्या.

बरोबर ढवळलं का, हे एकदा मोजून बघा. सुरुवातीचा माल साधारण ८२ मिली असतो. गाळल्यावर तो १०० ते १०८ मिलीच्या आत यावा. ९५ आला तर पेय घशाला जाळेल. ११५ आला तर चव फिकी पडेल.

आणखी एक गोष्ट बर्फाची. ज्या फ्रीझरमध्ये सुकट, बोंबील किंवा वाटण ठेवलेलं असतं, त्यातला उघड्या ट्रेमधला बर्फ तो वास धरून बसतो. मसालेदार सरबतात ते कळत नाही; या पेयात पहिल्याच घोटाला कळतं. झाकणाचा ट्रे घ्या किंवा आदल्या दिवशी ताजा बर्फ लावा.

शेक केलं तर काय बिघडतं?

हवेचे बुडबुडे आणि बर्फाचे कण शिरतात, पेय धुरकट दिसतं, पाणीही जास्त मिसळतं. लिंबाचा रस, अंडं, साय असे पदार्थ असतील तिथे शेकर हवा. इथे सगळे द्रव स्वच्छ आहेत, आणि या पेयाची अर्धी मजा त्याच्या दाट, गुळगुळीत पोतात आहे.

ढवळूनही पेय धुरकट झालं. का?

अ‍ॅनेथॉल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात जवळपास नाही. अल्कोहोलचं प्रमाण आणि तापमान उतरलं की ते सूक्ष्म थेंबांच्या रूपात बाहेर पडतं, आणि पाणी घातल्यावर अ‍ॅबसिंथ पांढरी होते ती याचमुळे. १ मिलीला हलकी झाक आली तर काळजीचं कारण नाही. स्पष्ट दुधाळपणा दिसला तर अ‍ॅबसिंथ जास्त पडली किंवा पेय फार पातळ झालं. काही जिनमध्येही तेलं भरपूर असतात आणि त्या थंड पाण्यासोबत आपणहून धुरकटतात. तुमची जिन तशी आहे का, हे बर्फाचं पाणी घालून वेगळं तपासा.

कोणती जिन घ्यावी?

साधी, ज्युनिपर पुढे असलेली लंडन ड्राय. टँकरे, बीफीटर चालतील. गोव्यात बनणारी ग्रेटर दॅन या कामाला चांगली आणि खिशाला परवडणारी. ओल्ड टॉम मिळाली तर तिचा किंचित गोडवा अ‍ॅबसिंथला छान सांभाळून घेतो, मग मराशिनो ३ मिलीवर आणा.

मसाल्याची किंवा फळांची छटा ठळक असलेली जिन इथे जपून वापरा. हापुसा घ्या: हिमालयातलं ज्युनिपर, हळद, आंबा, आलं, वेलदोडा असं बरंच काही तिच्यात आहे. टॉनिकसोबत ती उत्तम लागते. टक्सिडोत मात्र तिच्यावर अ‍ॅबसिंथ, चेरी आणि संत्रं असे आणखी तीन आवाज चढतात आणि गलका होतो. तीच वापरायची असेल तर अ‍ॅबसिंथ अर्धा मिली करा आणि मराशिनो वगळा. रंगीत, गुलाबी जिन नकोच.

व्हर्मूथ कोणती, आणि ती खराब झाली हे कसं ओळखायचं?

फ्रेंच पद्धतीची ड्राय: नोयी प्रा, डोलँ, किंवा सहज मिळणारी मार्टिनी कंपनीची एक्स्ट्रा ड्राय. व्हर्मूथ ही वनस्पतींनी सुवासिक केलेली वाइन आहे, १५ ते १८ टक्क्यांची. ती जिनसारखी कपाटात वर्षभर टिकत नाही. उघडली की फ्रिजमध्ये, आणि महिना-दीड महिन्यात संपवा. बाटली अर्धी झाली की लहान बाटलीत काठोकाठ ओतून ठेवा, म्हणजे हवा कमी लागते.

बिघडलेली व्हर्मूथ ओळखायला दोन घोट थंड करून नुसत्याच प्या. रंग पिवळट-तपकिरी, वास शिळ्या सफरचंदाचा किंवा व्हिनेगरकडे झुकलेला, चवीत फुलं-पानं काहीच नाही, असं असेल तर ती रश्शात वापरा, टक्सिडोत नको. ‘मला मार्टिनी आवडत नाही’ म्हणणाऱ्या कित्येकांना प्रत्यक्षात मिळालेली असते ती जुनी व्हर्मूथ.

मराशिनो म्हणजे केकवरच्या लाल चेरीच्या डब्यातला पाक का?

मुळीच नाही. हा घोटाळा सर्वांत जास्त होतो. मराशिनो लिकर पाण्यासारखी स्वच्छ, ३२ टक्क्यांच्या आसपासची असते. मारास्का जातीच्या आंबट चेरी बियांसकट ऊर्ध्वपातित करून ती बनते, म्हणून तिला बदामाकडे झुकणारा, किंचित मातकट वास असतो. लुक्सार्दोची गवताच्या विणीत गुंडाळलेली बाटली सगळीकडे ओळखली जाते. या घराण्याने १८२१ साली अ‍ॅड्रियाटिक किनाऱ्यावरच्या झारामध्ये, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या झादारमध्ये, सुरुवात केली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते इटलीत गेलं.

डब्यातला पाक म्हणजे साखर, रंग आणि कृत्रिम वास. तो घातला तर पेय गुलाबी आणि खोकल्याच्या औषधासारखं होतं. लिकर नसेल तर मराशिनो सरळ वगळा आणि क्रॅडक यांचा पहिल्या क्रमांकाचा टक्सिडो करा. तडजोड म्हणून २ मिली साधा साखरेचा पाक घातला तरी चालतं. पोत मिळतो, चेरी मिळत नाही. सजावटीची चेरी गडद, सिरपमध्ये मुरवलेली असेल तरच घाला, आणि घालण्याआधी सिरप निथळू द्या.

ऑरेंज बिटर्सऐवजी नागपुरी संत्र्याची साल चालेल का?

पर्याय म्हणून अर्धवट. बिटर्समध्ये कडू संत्र्याची साल, वेलदोडा-धणे असे मसाले आणि जेन्शनसारखी कडू मुळं असतात. नागपुरी संत्र्याच्या सालीला वास गोड आणि मोकळा, पण कडवटपणा तसा नाही. बिटर्स नसतील तर संत्र्याच्या सालीचा रुपयाएवढा तुकडा मिक्सिंग ग्लासातच बर्फाआधी चिमटून टाका आणि त्याच्यासकट ढवळा. वास येईल. कडवटपणासाठी अँगोस्टुराचे साधे बिटर्स घालायचा मोह होतो, पण लवंग-दालचिनीच्या अंगाने ते अ‍ॅबसिंथवर चढतात. एकाच थेंबावर थांबा.

आपलं रोजचं लिंबू वापरता येईल?

रस लागत नाही, फक्त साल. कागदी लिंबाची साल इतकी पातळ असते की तिचा तुकडा नीट चिमटता येत नाही, आणि तिच्या तेलाचा वासही तीव्र, हिरवा. जाड सालीचं पिवळं लिंबू सुपरमार्केटमध्ये मिळतं, तेच घ्या. मेणाचा थर असतो म्हणून कोमट पाण्यात चोळून धुवा. सोलताना पांढरा भाग येऊ देऊ नका.

अ‍ॅबसिंथ मिळत नाही. दुसरं काय घालू?

पेर्नो अनिस किंवा रिकार्ड. दोन्हींत साखर असते आणि अ‍ॅबसिंथची कडू बाजू नसते, म्हणून घालताना मराशिनो ३-४ मिलीवर आणा. मात्रा मात्र १ ते १.५ मिलीच. न्यू ऑर्लिन्समध्ये १९३४ पासून अ‍ॅबसिंथच्या जागी हर्बसेंट वापरतात; परदेशात असाल तर तीही चांगली.

घरगुती उपाय: १०० मिली व्होडकात ५ ग्रॅम किंचित कुटलेली बडीशेप आणि एक लहान चक्रफूल २४ तास भिजवा, कॉफीच्या कागदातून गाळा. वास मिळतो, चवीची खोली मिळत नाही. यातही प्रमाण १ मिलीपासूनच सुरू करा.

‘दवणा घालू का?’ असं काही जण विचारतात, कारण जोतिबाला वाहतात तो दवणा आणि अ‍ॅबसिंथमधली कडू वनस्पती एकाच आर्टेमिसिया कुळीतल्या. पण जाती वेगळ्या, घटक वेगळे, वासही वेगळा. घालू नका. खुद्द वर्मवुड, म्हणजे अ‍ॅबसिंथमधली ती कडू वनस्पती, मागवून घरी दारूत भिजवणं तर अजिबात नको. कारखान्यात वनस्पती भिजवल्यावर ऊर्ध्वपातन होतं आणि वर्मवुडमधल्या थुजोन या द्रव्याचं प्रमाण तपासलं जातं. घरच्या बरणीत यातलं काहीही होत नाही. वर ते असह्य कडू होतं.

अ‍ॅबसिंथने भास होतात ना?

नाही. हा समज एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जाँ लाँफ्रे नावाच्या मजुराने बायको-मुलींना ठार मारलं. त्या दिवशी तो भरमसाट वाइन आणि इतर दारूही प्यायला होता, पण बोट अ‍ॅबसिंथकडे दाखवलं गेलं. स्वित्झर्लंडने १९१० मध्ये, अमेरिकेने १९१२ मध्ये, फ्रान्सने १९१५ मध्ये बंदी घातली. बंदीपूर्व बाटल्यांची पुढे रासायनिक तपासणी झाली तेव्हा थुजोन भास होण्याजोगं सापडलं नाही. स्वित्झर्लंडने २००५ मध्ये, अमेरिकेने २००७ मध्ये दार पुन्हा उघडलं. युरोपात आज थुजोनला किलोमागे ३५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. खरा धोका अल्कोहोलच्या तीव्रतेचा आहे, आणि तुमच्या ग्लासात ती एक मिलीच पडते.

हे पेय किती कडक असतं?

आपल्याकडची जिन बहुधा ४२.८ टक्क्यांची. वरच्या प्रमाणात साधारण २९ मिली शुद्ध अल्कोहोल येतं, म्हणजे ६० मिलीच्या लार्ज पेगपेक्षा थोडं जास्त. ढवळल्यावर पेय २७ टक्क्यांच्या आसपास असतं. थंडीमुळे घोट सहज उतरतो आणि लोक ते पाच मिनिटांत संपवतात. एक प्या, सोबत पाणी ठेवा, आणि त्यानंतर गाडीला हात लावू नका.

चव बसत नाही. चूक कशी शोधू?

फक्त बडीशेप लागते: अ‍ॅबसिंथ जास्त. आहे त्या पेयात दुरुस्ती करायची तर अ‍ॅबसिंथ न घालता दुसरा ग्लास बनवा, दोन्ही एकत्र करा आणि दोघांना वाटा.

गोड, चिकट लागतं: मराशिनो जास्त, किंवा व्हर्मूथ गोड प्रकारची आणली. लेबलवर ‘बियांको’ लिहिलेली व्हर्मूथ दिसायला पांढरी असते, पण गोड असते. घाईत हीच घरी येते.

जळजळीत: पाणी कमी मिसळलं. फ्रीझरमधला एकदम कोरडा बर्फ हळू वितळतो, मग ४०-४५ सेकंद ढवळावं लागतं.

सपाट: व्हर्मूथ मेली आहे, किंवा सालीचं तेल पडलंच नाही.

दहा माणसं येणार आहेत. आधी करून ठेवता येईल?

येईल. ७५० मिलीच्या बाटलीत आठ ग्लासांचा माल बसतो: जिन ४०० मिली, व्हर्मूथ २००, मराशिनो ४०, ऑरेंज बिटर्स १६ शिंतोडे, अ‍ॅबसिंथ आधी ६ मिली. एक चमचा काढून, त्यात पाव चमचा पाणी घालून चव बघा, मगच उरलेली २ मिली घालायची की नाही ते ठरवा. दहा जणांसाठी दुसऱ्या छोट्या बाटलीत याच्या चौथाई मापाने आणखी दोन ग्लास करा.

पाणी बाटलीत घालू नका. बिनपाण्याचं मिश्रण ३५ टक्क्यांचं असतं, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये द्रवच राहतं. पाणी घालून २७ टक्क्यांवर आणलेलं मिश्रण त्याच फ्रीझरमध्ये गोळ्याच्या बर्फासारखं होतं, ओतताना आधी जास्त अल्कोहोलचा भाग बाहेर येतो आणि पाणी बाटलीतच राहतं. पाहुणे आले की प्रत्येक ग्लासामागे ८२ मिली मिश्रण आणि फ्रिजमधलं २२ मिली पाणी मिक्सिंग ग्लासात घ्या, आठ-दहा वेळा फिरवा, ओता. बर्फाची गरज नाही.

कायद्याचं काय?

महाराष्ट्रात जिन, अ‍ॅबसिंथसारख्या कडक दारूसाठी किमान वय २५ आहे आणि विकत घ्यायला, बाळगायला, प्यायला परवाना लागतो. गोव्यात दारू स्वस्त आहे म्हणून परवानगीशिवाय सीमेवरून आणणं हा गुन्हा आहे. उत्पादन शुल्क विभाग तपासणी करतो. परदेशातून परतणाऱ्या प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत दारू शुल्कमुक्त आणता येते. बहुतेकांच्या घरी अ‍ॅबसिंथ येते ती याच वाटेने.

उघडलेली अ‍ॅबसिंथ कशी ठेवायची?

अंधाऱ्या कपाटात, झाकण घट्ट, बाटली उभी. हिरवा रंग वनस्पतींच्या हरितद्रव्याचा असेल तर उजेडात तो काही आठवड्यांत पिवळट-तपकिरी होतो. चव मात्र वर्षानुवर्षं टिकते. फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत अ‍ॅनेथॉलचे पांढरे स्फटिक तळाशी बसतात आणि सिरिंजमध्ये नुसता वरचा फिका भाग येतो. तसं झालंच तर बाटली दिवसभर बाहेर ठेवा, हलक्या हाताने उलटीसुलटी करा, स्फटिक पुन्हा विरघळतात.